१८८४ साली आयुष्याचा विमा दिलात, आता आजारपणाचाही द्या : टपाल खात्याला खुलं पत्र

मा. दळणवळण मंत्री महोदय, मा. डाक सचिव साहेब आणि महाराष्ट्र सर्कलचे मा. चीफ पोस्टमास्टर जनरल साहेब यांना,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला रिटायर पोस्टमन. १९८३ ला ईडी म्हणून, म्हणजे खेड्यातल्या पोस्टाचा अर्धवेळ माणूस म्हणून लागलो, तेव्हा जीडीएस (ग्रामीण डाक सेवक) हे नाव नव्हतं, एक्स्ट्रा डिपार्टमेंटल म्हणायचे. आठ वर्षं ब्रँच ऑफिसची थैली खांद्यावरून नेली, मग परीक्षा देऊन १९९१ ला पोस्टमन झालो आणि २०१८ च्या मे महिन्यात रिटायर झालो. म्हणजे खात्याची दोन्ही अंगणं मी बघितलीत, ईडीचंही आणि डिपार्टमेंटलचंही, म्हणून हे पत्र लिहायचा मला थोडा हक्क आहे असं वाटतं. तक्रारखोर माणूस नाही मी, पण ही गोष्ट गेली पाच-सहा वर्षं मनात आहे आणि आता आमच्या ओळखीतल्या एका बीपीएमच्या, म्हणजे खेड्यातलं ब्रँच ऑफिस सांभाळणाऱ्या जीडीएस पोस्टमास्तरच्या घरी जे झालं त्यानंतर गप्प बसवत नाही.

आधी माझं सांगतो. रिटायर होताना सगळे कागद झाले, पीपीओ म्हणजे पेन्शनचा हुकूम आला, ग्रॅच्युइटी आली, नारळ-शाल झाली. पेन्शनच्या कागदांबरोबर एका फॉर्मवर सही घेतली की तुम्ही सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या एरियात राहत नाही, तर तुम्हाला फिक्स्ड मेडिकल अलाउन्स (एफएमए) महिना १००० रुपये. मी सही केली. त्या सहीचा अर्थ काय, दुसरा पर्याय कुठला, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रिटायर होणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या दिवशी हजार गोष्टी असतात हो, मुलीचं लग्न, घराचं छप्पर, आजारपण कोणाच्या डोक्यात येतं.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पहाटे छातीत दुखायला लागलं. आमच्या संगमेश्वर तालुक्यातून आंबा घाट चढून कोल्हापूरला नेलं, दोन स्टेंट घातले, बिल झालं २ लाख १० हजार. पोस्टातलीच टीडी म्हणजे मुदत ठेव मोडली आणि बायकोच्या दोन बांगड्या गेल्या. राज्य सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना तेव्हा पांढऱ्या रेशनकार्डाला लागू नव्हती, सीजीएचएसचं कार्ड माझ्याकडे नव्हतं, आणि सर्व्हिसमध्ये असताना जे सीएस एमए रूल होते, नोकरीतल्या माणसाला इलाजाचा खर्च परत देणारे, १९४४ चे, ते रिटायर झाल्या दिवशी संपतात, पेन्शनरला ते लागू नाहीत. बिल घेऊन मी ऑफिसात गेलो तर तिथल्या क्लार्कने मान खाली घालून सांगितलं, दादा, तुम्हाला एफएमए मिळतो ना, मग हे बिल घेता येत नाही. त्या पोराचा दोष नव्हता. रूलच तसा.

मग दवाखान्यातून उठल्यावर मी माहिती काढायला लागलो, तेव्हा कळलं की पगाराच्या लेव्हल पाचच्या माणसाला सीजीएचएसची वर्गणी महिना २५० रुपये आहे आणि पेन्शनरने एकदम दहा वर्षांचे म्हणजे ३० हजार भरले की दोघा नवराबायकोला आयुष्यभराचं कार्ड मिळतं. तीस हजार! ग्रॅच्युइटीतून ते कधी गेले कळलं पण नसतं. आणि अजून एक गोष्ट कळली जी मी आज भेटेल त्या पेन्शनरला सांगतो, की सीजीएचएस एरियाच्या बाहेर राहणारा माणूस ओपीडीसाठी एफएमए चालू ठेवून हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली तर त्यासाठी कार्ड घेऊ शकतो, एक घेतलं म्हणून दुसरं पूर्ण जात नाही. कार्ड असतं तर इमर्जन्सी म्हणून कुठल्याही हॉस्पिटलचं बिल लावता आलं असतं, सीजीएचएसच्या दराने का होईना पैसे परत आले असते. सुप्रीम कोर्टानेही एप्रिल २०१८ मध्ये शिवकांत झा यांच्या केसमध्ये हेच सांगितलंय की हॉस्पिटल यादीत नाही एवढ्याच कारणावर रिटायर माणसाचं बिल नाकारता येणार नाही, इलाज खरंच झालाय का ते बघा. झा साहेब स्वतः रिटायर केंद्र सरकारी अधिकारी. म्हातारपणी कोर्टात गेले म्हणून निकाल आला. पण त्या निकालाचा फायदा घ्यायला आधी कार्ड तर पाहिजे ना.

२०२० ला मी कार्ड काढलं. आता कार्ड आहे, पण कॅशलेस इलाजासाठी जायचं कुठे तर पुणे नाहीतर मुंबई. महाराष्ट्रात सीजीएचएस म्हणजे वर्षानुवर्षं मुंबई, पुणे, नागपूर, मग अलीकडे नाशिक आणि संभाजीनगरला केंद्र आलं, चांगलं झालं. पण रत्नागिरी, सांगली, सोलापूर, लातूर, नांदेड, चंद्रपूर, गडचिरोली, नंदुरबार इथल्या पेन्शनरने काय करायचं? हार्टचा पेशंट तीनशे किलोमीटर घाटातून न्यायचा? सत्तरच्या वरच्या माणसाला आता स्पेशालिस्टकडे जायला रेफरल लागत नाही ही सवलत दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार, पण सत्तरीचा माणूस आधी एसटीने पुण्याला पोचला पाहिजे.

आणि ही गोष्ट सरकारला माहीत नाही असं नाही. सातव्या वेतन आयोगाने, न्यायमूर्ती माथूर साहेबांच्या, नोव्हेंबर २०१५ मध्ये रिपोर्ट दिला त्यात आमच्या पोस्टाचं नाव घेऊन लिहिलंय. उरलेले ३३ पोस्टल दवाखाने सीजीएचएसमध्ये घ्या, सगळ्या पोस्टल पेन्शनरांना, सर्व्हिसमध्ये असताना वर्गणी भरली असो नसो, सीजीएचएस द्या. कारण त्याआधी पोस्टाच्या पेन्शनरला तू नोकरीत असताना मेंबर नव्हतास म्हणून परत पाठवायचे, माझ्या आधीच्या कितीतरी लोकांनी यात आयुष्य घालवलं. त्याच रिपोर्टात पुढे असंही आहे की केंद्रीय कर्मचारी आणि पेन्शनर यांच्यासाठी आरोग्य विमा योजना आणा, आणि ती येईपर्यंत सीजीएचएसच्या बाहेर राहणाऱ्या पेन्शनरांसाठी, जी हॉस्पिटलं आधीच सीएस एमए किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या यादीत आहेत, तीच सीजीएचएसने घेऊन कॅशलेस इलाज द्यावा. किती साधी गोष्ट आहे बघा. साताऱ्यात, कोल्हापुरात ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक आहे, फौजेतून आलेला माझा शाळेतला मित्र तिथूनच चिठ्ठी घेऊन हॉस्पिटलात जातो, एक रुपया न भरता बरा होऊन घरी येतो. त्याचं मला वाईट वाटत नाही, त्याने सीमेवर दिवस काढलेत. पण त्याच हॉस्पिटलात त्याच दरात माझी सोय करायला दहा वर्षं का लागावीत हे मला खरंच समजत नाही.

एफएमए बद्दल पण बोलतो. १९९७ ला १०० रुपये होता, २००८ ला ३००, २०१४ ला ५००, आणि १ जुलै २०१७ पासून १०००. त्यानंतर हलला नाही. माझ्या एकट्याच्या बीपी, शुगर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या महिना २४०० च्या घरात जायच्या, आता जनऔषधी दुकानातून आणतो म्हणून बरंच कमी झालंय, पण बायकोच्या गुडघ्याचं आणि थायरॉइडचं वेगळं. डॉक्टरची एक फी आणि रक्ताची एक तपासणी केली की हजार संपतात. महागाई भत्ता जसा वाढतो तसा हाही आपोआप वाढेल असं काहीतरी करा.

मुलगा म्हणतो प्रायव्हेट पॉलिसी काढा. गेलो ना. तिथे ६५ वर्षांची अट एप्रिल २०२४ पासून निघाली, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी पण गेला, हे सगळं चांगलंच आहे. पण स्टेंट घातलेल्या माणसाला आणि त्याच्या बायकोला सांगितलेला हप्ता माझ्या दीड महिन्याच्या पेन्शनएवढा, वर जुन्या आजाराला तीन वर्षं थांबा आणि प्रत्येक बिलात वीस टक्के आपले. साठीनंतर एकट्याने विमा घ्यायला जाणं म्हणजे असंच होणार, कारण कंपनीला समोर फक्त एक आजारी म्हातारा दिसतो. तोच म्हातारा लाखो माणसांच्या गटात असला, त्यात पंचविशीची पोरं-पोरी असली, तर हप्ता वाटला जातो आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून घेता येतात. गट मोठा पाहिजे. आणि आपल्याएवढा मोठा गट कोणाकडे आहे?

इथे मला खात्याचीच एक जुनी गोष्ट आठवून द्यायची आहे. १ फेब्रुवारी १८८४ ला पोस्टल लाइफ इन्शुरन्स (पीएलआय) सुरू झाला, तो गिऱ्हाइकांसाठी नव्हता, तो पोस्टाच्या स्वतःच्या माणसांसाठी होता. घोड्यावरून, पायी, जंगलातून डाक नेणारी माणसं मरायची, मागे बायकापोरं उघडी पडायची, म्हणून खात्याने स्वतःच्या माणसांचा विमा काढला. चार वर्षांनी तारखात्याला दिला, १८९४ ला खात्यातल्या बायकांनाही दिला, त्या काळात बायकांचा विमा काढायला कंपन्या तयार नसायच्या! पुढे १९९५ ला खेड्यांसाठी आरपीएलआय म्हणजे ग्रामीण पीएलआय आला. म्हणजे विमा हा आपल्या खात्याला नवीन विषय नाही, अनेक विमा कंपन्यांचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून आपण हे करतोय. त्या खात्याला स्वतःच्या माणसांचा आरोग्य विमा जमणार नाही असं कोणी सांगितलं तर मी मानणार नाही.

आता त्या बीपीएमचं. नाव-गाव देत नाही, त्याला आवडणार नाही. बावन्न वर्षांचा, चोवीस वर्षं ब्रँच ऑफिस सांभाळतोय, घरातल्याच पडवीत ऑफिस. २०२४ च्या पावसात, आमच्याकडे लावणीच्या दिवसांत लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा ताप) येतो हे सगळ्यांना माहीत आहे, चिखलातून पाण्यातून वाड्यांवर टपाल आणि पेन्शनचे पैसे वाटत फिरायचं, पायाला जखम असली तरी फिरायचं, तर ह्याला ताप आला, दोन दिवस अंगावर काढला कारण ऑफिस बंद ठेवायचं नव्हतं, तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. जिथे आयसीयूत बेड मिळाला ते हॉस्पिटल महात्मा फुले योजनेच्या यादीत नव्हतं आणि ज्या यादीतल्या हॉस्पिटलला फोन केला तिथे बेड नव्हता. बिल झालं १ लाख ३५ हजार. बायकोने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, फक्त विचारत होती, भाऊ, खात्यातून काय मिळेल?

मी काय सांगणार होतो? जीडीएसला सीजीएचएस नाही, सीएस एमए नाही, रिटायर झाल्यावर आमच्यासारखी पेन्शन नाही, एफएमए नाही. सर्कल वेल्फेअर फंड आहे, त्यात दर महिन्याला त्यांचेच पैसे कापले जातात, अर्ज केला की मदत मंजूर होते, ती मदत आहे, तिला मी नावं ठेवत नाही, पण हॉस्पिटलच्या काउंटरवर रात्री दोन वाजता ती चालत नाही. वर्षाला भरपगारी रजा वीस दिवस आणि इमर्जन्सीची पाच दिवस, त्यापुढे आजारी पडला तर टीआरसीए, म्हणजे त्यांचा महिन्याचा पगार, तो पण बंद. आणि ह्या माणसाने काय केलं होतं माहितीये? गेल्या दोन वर्षांत आयपीपीबीची, म्हणजे पोस्टाच्याच पेमेंट्स बँकेची, ३९९ रुपयांवाली अपघात विमा पॉलिसी, दहा लाखांची, अर्ध्या गावाला त्याने काढून दिली होती. मोबाईल घेऊन घरोघरी फिरून. स्वतःची पण काढली होती. पण ती अपघाताची, लेप्टो हा आजार, त्यात बसत नाही. गावातला एक झाडावरून पडलेला माणूस त्याच पॉलिसीमुळे बरा झाला, आणि ज्याने ती पॉलिसी विकली तो आयसीयूत असताना आम्ही जीडीएसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणी मागत होतो. ४१ हजार जमले. दहा-बारा हजारांवर लागलेल्या पोरांनी दोनशे, पाचशे असे टाकले. तो वाचला, आज परत ऑफिस उघडतो, पण कर्ज अजून फिटलेलं नाही.

असे जीडीएस देशात अडीच लाखांच्या आसपास आहेत. आपली दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं, त्यातली दहापैकी नऊ खेड्यात, आणि ती खेड्यातली बहुतेक ह्यांच्याच जिवावर उघडतात. जीडीएसच्या पगारासाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीनंतर १ जुलै २०१८ पासून चार तासांच्या बीपीएमला १२ हजार, पाच तासांच्याला साडेचौदा, त्याच्या हाताखालच्या असिस्टंटला (एबीपीएम) १० आणि १२, वर डीए, अशी सुरुवात झाली, ते मोठं काम झालं, मान्य. पण आज टार्गेट, खाती उघडणं, आधार, विमा, पार्सल हे सगळं धरलं तर चार तासांत कोणाचंच संपत नाही. आणि ६५ व्या वर्षापर्यंत नोकरी, म्हणजे नेमकं आजारपण सुरू होतं ती सगळी वर्षं नोकरीतच जातात. माणूस ६४ वर्षांचा असेपर्यंत त्याला उन्हापावसात वाडीवर पाठवायचं आणि त्याच्या तब्येतीची जबाबदारी कोणाचीच नाही, हे बरोबर नाही साहेब. अजिबात बरोबर नाही.

कोणी म्हणेल राज्याची योजना आहे ना, जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात सगळ्यांना पाच लाखांपर्यंत. आहे, आणि लोकांचे जीव वाचतायत, मी स्वतः दोघांचे कागद करून दिलेत. केंद्राची पण ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्न बघत नाहीत, फक्त सीजीएचएसवाल्याने दोन्हीपैकी एक निवडायचं. पण या योजना दाखल झाल्यावरच्या आहेत, आणि त्यात पण यादीतलं हॉस्पिटल, यादीतला उपचार. रोजच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरची फी यातून निघत नाही. शिवाय मालक म्हणून खात्याचं काही देणं लागतं की नाही? नागरिक म्हणून जे मिळतं ते मिळतंच, पोस्टाचा माणूस म्हणून काय?

माझ्या मेव्हण्याचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो, त्याच्या शेजारचा माणूस तिथल्या पोस्टात आहे. तो सांगत होता की तिकडे २०२२ ला कायदा करून पोस्टाच्या कामगारांसाठी आणि रिटायर लोकांसाठी वेगळी आरोग्य विमा योजना काढली, १ जानेवारी २०२५ पासून चालू पण झाली. दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सगळ्यांना वेगवेगळ्या प्लॅनचे हप्ते आणि फायदे मांडून दाखवतात आणि आपला प्लॅन बदलायची मुभा देतात. तिथेही कटकटी आहेत, पासष्टीनंतरच्या बऱ्याच लोकांना मेडिकेअर या तिथल्या सरकारी विम्याचा वेगळा हप्ता भरावा लागतो म्हणून नाराजी आहे. तो देश श्रीमंत, आपली तुलना नको. पण एक गोष्ट मला पटली, की नोकरीतला आणि रिटायर झालेला एकाच योजनेत धरला, आणि वर्षातून एकदा समोर बसवून पर्याय सांगितले.

तर माझं मागणं असं आहे. खात्याने पीएलआय डायरेक्टोरेटला पुढे घालून सगळ्या पोस्टल माणसांचा एकच आरोग्य विमा गट करावा. सीजीएचएसच्या बाहेरचे नोकरीतले, पेन्शनर, फॅमिली पेन्शनर आणि जीडीएस, रिटायर जीडीएस धरून. आम्ही फुकट मागत नाही, पेन्शनर सीजीएचएसएवढी वर्गणी भरेल, जीडीएसकडून त्याच्या टीआरसीएला झेपेल तेवढीच घ्या आणि बाकीची खात्याने घाला. दर जिल्ह्यात निदान दोन हॉस्पिटलं कॅशलेस पाहिजेत, ईसीएचएसच्या यादीतली उचलली तरी चालतील. आणि हे सगळं व्हायला वेळ लागणार असेल, तर जीडीएसपासून सुरू करा, आम्ही पेन्शनर थांबू. मी हे माझ्या युनियनच्या मित्रांना विचारून लिहितोय, तेही थांबायला तयार आहेत.

नोकरीत असलेल्या पोरांचं पण सांगतो, त्यांना सीएस एमए आहे हे खरं, पण आधी खिशातून भरा, मग इलाज गरजेचा होता असं एसेन्शियालिटी सर्टिफिकेट, मग डॉक्टरच्या सह्या, सहा महिन्यांच्या आत बिल लावा, मग ऑब्जेक्शन, मग कापून मंजुरी. तरुण पोस्टमनच्या बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर लाख रुपये तो आणेल कुठून.

एक काम मात्र असं आहे ज्याला आयोग नको, कॅबिनेट नको, पैसा पण जवळजवळ नको. दर नोव्हेंबरला आम्ही सगळे पेन्शनर लाइफ सर्टिफिकेट द्यायला पोस्टात येतो, ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी पोस्टमन ७० रुपयांत अंगठा घ्यायला जातो. तेव्हाच, त्याच टेबलावर, एक मराठीत छापलेला कागद द्या. एफएमए म्हणजे काय, सीजीएचएसची वर्गणी कोणत्या लेव्हलला किती, ३० हजार, ५४ हजार, ७८ हजार की १ लाख २० हजार, कार्ड आणि एफएमए दोन्ही कसं ठेवता येतं, विधवा फॅमिली पेन्शनरने काय करायचं, सत्तरीनंतर वय वंदना का सीजीएचएस. आणि तिथेच फॉर्म भरून घ्या. रिटायर होणाऱ्याला तर सहा महिने आधी समोर बसवून सांगा, सही घ्यायच्या आधी. आमच्या तालुक्यात मी मोजले, ओळखीच्या सतरा पेन्शनरांपैकी कार्ड असलेले चार, आणि त्यातल्या तिघांना मीच सांगितलं. एका पोस्टमनच्या विधवेला फॅमिली पेन्शनवर कार्ड मिळू शकतं हे तिला नवरा जाऊन नऊ वर्षं झाल्यावर कळलं. दुसऱ्याची पत्रं आयुष्यभर बिनचूक पोचवणाऱ्या खात्यात आपल्याच माणसापर्यंत एवढा एक कागद पोचला नाही याचं मला फार वाईट वाटतं.

यंदाच्या नोव्हेंबरमध्ये मी हेड ऑफिसला येणार आहे, नेहमीप्रमाणे पहिल्याच आठवड्यात. त्या टेबलावर माणूस कमी पडत असेल तर मी बसतो, महिनाभर, रोज दहा ते चार. फॉर्म भरून द्यायची सवय आहे मला, पस्तीस वर्षं लोकांच्या मनीऑर्डरी भरल्यात. फक्त तो कागद छापून पाठवा.

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमन
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी